आरशाला टेकवलेले बावन्न पत्ते

...आणि व्हिडिओच्या वर लिहिलंय 'सोपं'. पिवळ्या रंगात, मोठ्या अक्षरात, शेजारी एक हसरा चेहरा. अहो, सोपं कुणाला? तुम्हाला सांगतो, पत्त्यांची कॅट हातात घेऊन दोन मिनिटं झाली नसतील, तर पन्नास पत्ते जमिनीवर, एक दाढीच्या साबणाच्या वाटीत आणि एक माझ्या भावाच्या गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये, आणि तो गिऱ्हाईक बिचारा डोळे मिटून बसलेला, त्याला वाटलं मानेवर पावडर लावतायत, आणि व्हिडिओतला तो उलटी टोपी घातलेला माणूस माझ्याकडे बघून हसतोय आणि म्हणतोय, "बघितलंत? हे तर कुणालाही जमतं."

आता तुम्ही म्हणाल, तू कटिंगवाला माणूस, पंचावन्न वय झालं, तुला पत्ते हवेत नाचवायचे डोहाळे कुठून लागले? मला नाही हो लागले. मला लावले. आमचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. एका खुर्चीवर मी, दुसरीवर धाकटा भाऊ. माझ्या खुर्चीवर त्या दिवशी मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे आमच्या भागातले गणिताचे मास्तर, निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कुणी रस्त्यात भेटलं तर पाढे विचारतील अशी नजर आहे. तर मास्तरांची उजवी बाजू कापून झाली, डावीकडे जायला म्हणून मी वळलो, आणि मास्तरांच्याच केसांवरून पाय घसरला. तीस वर्षं त्या फरशीवर उभा आहे मी. तीस वर्षं भावाला ओरडतोय, अरे केस झाडत जा, केस झाडत जा. आणि पडलं कोण? मी. पडलो कशावर? उजव्या मनगटावर.

सहा आठवडे प्लास्टर. आणि मास्तर अर्धवट कापलेले.

भाऊ लगेच म्हणाला, "मास्तर, या, उरलेली बाजू मी करतो, पाच मिनिटांचं काम." मास्तरांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप आपल्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. मास्तर म्हणाले, "ज्यानं सुरू केलं तो संपवेल. मी वर्गात एकाचं अर्धं गणित दुसऱ्याला कधी सोडवू दिलं नाही." बरं, शिवाय त्यांच्या मनाला लागलेलं, की माझ्या केसांवरून हा माणूस पडला. म्हणजे प्रायश्चित्त ते घेणार, आणि बघवत मला नाही. कारण रोज सकाळी दहाला येणार, माझ्या रिकाम्या खुर्चीत बसणार, पेपर उघडणार, आणि आरशात मला ते डोकं दिसणार. उजवीकडून बघितलं तर बँकेत नोकरीला असावेत, डावीकडून बघितलं तर नाटक कंपनीत. आणि पेपरातून मान न काढता रोज एकच प्रश्न, "कुठवर आलं?"

कुठवर येणार? प्लास्टर निघालं तेव्हा हात म्हणजे नुसती पळी झाली होती. बोटं वळेनात. अंगठा तर आमच्या घरातला असूनही पाहुण्यासारखा बाजूला बसलेला. कात्री उचलायला गेलो, कात्री पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. भाऊ तिकडे तोंड करून उगाच कंगवे धुवायला लागला. खरं सांगतो तुम्हाला, त्या दिवशी मी घाबरलो. मला दुसरं काही येत नाही हो. मला कात्री येते. ती गेली तर मी त्या दुकानात काय म्हणून बसू, आरसा पुसायला?

म्हणून व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक मऊ चेंडू दिला. "काका, हा दाबत राहायचं. दिवसातून शंभर वेळा." मी दाबला. चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी चेंडू शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं नेला आणि मी त्याला थांबवलं नाही. तेवढ्यात माझी भाची आली. ही कॉलेजात शिकते आणि पत्ते खेळत नाही, पत्ते नाचवते. एका हातानं कॅट उघडते, मिटते, पंखा करते, पत्ते या हातातून त्या हातात कारंज्यासारखे उडवते. म्हणाली, "मामा, चेंडूबिंडू सोड. हे शीक. ह्यात पाची बोटं हलतात." मी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "हरकत नाही, उलट चांगलंच. पण काका, एक ऐका. व्हिडिओ तुमच्या लेव्हलचा निवडा. वरच्या लेव्हलचा घ्याल तर बोटं दुखावतील. सहा आठवड्यांनी मला दाखवायला या."

तुमच्या लेव्हलचा निवडा. वा! किती गोड वाक्य आहे. मला सांगा, माणसाला स्वतःची लेव्हल कळत असती तर निम्मी भांडणं झालीच नसती.

मी आपला दुकानात फोन उघडून बसलो. कुठे बसलो? माझ्या खुर्चीसमोर. खुर्चीत मास्तर, म्हणून मी बाजूला स्टुलावर. आणि फोन ठेवला समोरच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी, आरशाला टेकवून. हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

तर व्हिडिओ किती असावेत? पहिल्यात लिहिलंय 'नवशिक्यांसाठी'. उघडला, तर त्याच्याखाली एक 'अगदी नवशिक्यांसाठी'. म्हणजे मी नवशिका की अगदी नवशिका? तो उघडेपर्यंत खाली तिसरा, 'ज्यांनी पत्ते कधी पाहिलेलेच नाहीत त्यांच्यासाठी'. अहो, पाहिलेत मी! एका व्हिडिओत तर 'तुमची लेव्हल ओळखा' म्हणून परीक्षाच होती. पहिला प्रश्न, "तुम्ही कॅट कापता तेव्हा कुठल्या बोटावर भार देता?" मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं की मी केस कापतो. तिथे तसा पर्यायच नाही.

एक गप्पिष्ट भेटला. सतरा मिनिटांचा व्हिडिओ, त्यातली पंधरा मिनिटं तो डबीवरचा कागद कसा काढायचा ते सांगत होता. कागद काढला, डबी उघडली, पत्त्यांचा वास घेतला, म्हणाला, "आहाहा", आणि म्हणाला, "आता भेटू दुसऱ्या भागात." दुसरा एक होता, त्याचा चेहराच नाही. नुसते काळे हातमोजे आणि मागे ढँण्‌ढँण्‌ढँण्‌ संगीत. एक शब्द बोलेल तर शप्पथ. आणि त्यावर लिहिलेलं 'शिका', अरे काय शिका? मी बघत राहिलो, मास्तर बघत राहिले, भावाच्या खुर्चीतला गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून बघायला आला. शेवटी पत्ते कुठे गेले तेच कुणाला कळलं नाही.

आणि तो टोपीवाला! तो म्हणजे माझ्या मागच्या जन्मीचा कोणीतरी लागत असणार. म्हणतो, "आता मी हेच हळू करून दाखवतो." आणि हळू काय करतो? बोलणं हळू करतो! "आऽऽता... अंऽऽगठा... सोऽऽडा..." आणि हात तेवढ्याच वेगानं, सर्रकन्. पुन्हा मान हलवून, "हे तर कुणालाही जमतं." खाली लोकांनी लिहिलेलं वाचलं. कुणी लिहिलंय, पहिल्याच दिवशी जमलं. कुणी लिहिलंय, माझ्या आत्याला बसमध्ये जमलं. बसमध्ये! चालत्या बसमध्ये एका हातानं दांडा धरून ती बाई दुसऱ्या हातानं कॅट कापत होती आणि मी इथे स्टुलावर बसून पत्ते गोळा करतोय.

हां, एक व्हिडिओ होता. चष्मेवाल्या आजींचा. चष्म्याला दोरी, खोकला, मागे कुठेतरी कुकरची शिट्टी. नाव काय, तर 'पत्ते धरायला शिकू'. अठ्ठेचाळीस मिनिटं, नुसतं धरायला. आणि कॅमेरा आजींच्या पाठीमागे, खांद्यावरून. म्हणजे आजींचं तोंड दिसत नाही, नुसते हात आणि थोडा अंबाडा. आजी म्हणाल्या, "माझ्या समोर नका बसू, माझ्या मागे या. घाई नको. पहिला आठवडा नुसतं धरायचं." मी चार मिनिटं बघितलं. मग म्हटलं, अहो आजी, मी तीस वर्षं कात्री धरलेला माणूस, मला तुम्ही कॅट धरायला शिकवणार? बंद केला. मास्तर पेपरातून म्हणाले, "बाई बरं सांगत होत्या." मी म्हटलं, मास्तर, तुम्ही पेपर वाचा.

आणि गेलो पुन्हा टोपीवाल्याकडे. का गेलो? कारण आजींना बघणारे होते एकशे बारा आणि टोपीवाल्याला बघणारे एका मोठ्या शहराएवढे. बस, एवढ्यावर निवड. ह्याच डोक्यानं मी चष्मा निवडला, ह्याच डोक्यानं घराला रंग निवडला, आणि दोन्हींबद्दल घरी अजून ऐकून घेतोय.

आणि गंमत ऐका. जमायला लागलं! दुसऱ्या आठवड्यात पंखा झाला. आधी झाडूसारखा, मग पंख्यासारखा. चौथ्या आठवड्यात टोपीवाल्याचा एका हातानं कॅट कापायचा प्रकार, म्हणजे कॅट बोटांच्या टोकांवर धरायची, खालची अर्धी तळव्यावर सोडायची, पहिल्या बोटानं ती वर ढकलायची, आणि वरची अर्धी हळूच खाली येऊन मिटायची. मिटली! एकही पत्ता पडला नाही. मी स्टुलावरून उठलो. भावाला म्हटलं, बघ. भावानं एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, बरोब्बर. सेम टू सेम. तो करतो तस्सं." मास्तरांनी पेपर खाली ठेवला. तुम्हाला सांगतो, मास्तर पेपर कुणासाठी खाली ठेवत नाहीत. म्हणाले, "म्हणजे नातीच्या पदवीदान समारंभापर्यंत होईल ना? रविवारी दोन आठवड्यांनी आहे. तिच्याबरोबर फोटो काढायचाय. पोरगी म्हणत नाही काही, पण सारखी माझ्या डाव्या बाजूला उभी राहते, लोकांना दिसू नये म्हणून." मी छातीवर हात ठेवून म्हटलं, मास्तर, शनिवारी सकाळी दहा वाजता.

मग काय, मी मध्यम लेव्हल घेतली. मग ॲडव्हान्स्ड घेतली. बाईंनी सांगितलं होतं वरची लेव्हल घेऊ नका, पण जमतंय म्हटल्यावर कोण ऐकतो? घरी जेवताना कॅट, टीव्हीसमोर कॅट. आमची ही म्हणाली, "अहो, पत्ते एवढे नाचवता, मग सदऱ्याची बटणं अजून मला का लावायला सांगता?" मी म्हटलं, त्याचा ह्याच्याशी काय संबंध. ती म्हणाली, "चहाचा कप पण डाव्या हातात धरता." मी म्हटलं, तू ॲडव्हान्स्डच्या मध्ये बोलू नकोस. आणि उजवा हात दुखायचा बरं का. दुखायचा म्हणजे चांगलाच ठणकायचा. मला वाटायचं, दुखतोय म्हणजे व्यायाम होतोय.

शुक्रवारी बाईंकडे गेलो. ऐटीत गेलो. खिशात कॅट. बसल्या बसल्या म्हटलं, बाई, चहा बाजूला ठेवा. आणि दाखवलं. एका हातानं कापली, मिटली, पंखा केला, पंखा बंद केला, फिरवून पुन्हा कापली. बाईंच्या मदतनीस होत्या त्यांनी टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "वा, काका. सुंदर. आता उजव्या हातानं दाखवा."

मी म्हटलं, म्हणजे?

बाई म्हणाल्या, "हा डावा आहे."

मी हाताकडे बघितलं. डावाच होता हो. मी कॅट उजव्या हातात घेतली आणि कापायला गेलो. बावन्नच्या बावन्न पत्ते बाईंच्या चहात, टेबलावर, जमिनीवर. मदतनीस बाईंनी अर्धवट टाळी थांबवली.

बाईंनी शांतपणे विचारलं, "काका, फोन कुठे ठेवता?" मी म्हटलं, आरशाला टेकवून. आणि म्हणता म्हणता माझं मलाच कळलं. अहो, तो टोपीवाला माझ्याकडे तोंड करून बसलेला. त्याचा उजवा हात पडद्यावर दिसणार माझ्या डाव्या बाजूला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, थांब, हा समोर बसलाय, हा त्याचा उजवा. पण मी तीस वर्षं आरशात बघून काम करतोय! आरशात जो हात डावीकडे दिसतो तो माझा डावाच असतो. गिऱ्हाइकाचा कल्ला, गिऱ्हाइकाची मिशी, माझी कात्री, सगळं आरशातून. त्यात फोन आरशाला टेकवलेला. पडद्यावर डावीकडे हात हलला की माझा डावा हात हलला. आणि उजवा? उजवा सहा आठवडे उरलेले पत्ते धरून बसला होता, टेबलासारखा. तेच दुखत होतं. आणि माझ्या भावानं तपासून पास केलं. करणारच, तोही कटिंगवाला. आम्हा दोघांनाही ते सेम टू सेमच दिसत होतं. आमच्या जागी वाणी असता, शिंपी असता, दुसऱ्या मिनिटाला म्हणाला असता, अहो, हात चुकतोय.

बाई म्हणाल्या, "म्हणून म्हटलं होतं ना, लेव्हल बघून निवडा." आणि त्यांनी खणातून नवा चेंडू काढला.

आता शनिवार. दहा वाजता मास्तर आले. नवा सदरा, इस्त्रीची घडी, डोकं तेच, अर्धं अर्धं. खुर्चीत बसले, स्वतःच गळ्याभोवती कापड घेतलं. पेपर नाही आणला त्या दिवशी. मी सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, मास्तर, माझा चुकीचा हात शिकला. भावाकडून करून घ्या, मी पाया पडतो. मास्तरांनी आधी आरशात माझा डावा हात बघितला. मग म्हणाले, "हात शिकला ना? मग त्यानं कर. रीत वेगळी असली तरी उत्तर बरोबर आलं की मी मार्क देत असे."

मी डाव्या हातात कात्री घेतली. आता आमची कात्री असते उजव्या हाताची. डाव्या हातात धरली की ती केस कापत नाही, नुसते दुमडते. चिमटा काढल्यासारखे. पहिल्याच घासात मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा मलाच बघवेना. शेवटी मशीन घेतलं. मशीनला डावं उजवं कळत नाही. आणि तुम्हाला सांगतो, तो डावा हात काय चालला! पत्त्यांनी बोटं अशी मोकळी झाली होती की मशीन लोण्यातून गेल्यासारखं गेलं. गेलं ते गेलंच. डावी बाजू उजवीशी जुळवायला गेलो, डावी जरा जास्त गेली. मग उजवी डावीशी जुळवली, उजवी जास्त गेली. हात थांबेचना, ॲडव्हान्स्ड होता ना तो. थांबला तेव्हा दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या होत्या, कारण दोन्ही बाजूंना काहीच उरलं नव्हतं.

भाऊ कंगवे धुवायला लागला.

मास्तरांनी चष्मा लावला. आरशात बघितलं. डोकं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. मग म्हणाले, "दोन्ही बाजू समान आहेत." आणि उठून गेले. रविवारी फोटो काढला, संध्याकाळी मला दाखवायला आणला. नातीच्या हातात पदवीचं भेंडोळं आहे, आणि पहिल्यांदाच आजोबांच्या उजव्या बाजूला उभी आहे. हसतेय मात्र पोटभर. मला कसंसंच झालं आणि बरंही वाटलं.

वाटलं, सुटलो. कसचं काय! सोमवारी सकाळी दहाला मास्तर हजर. त्याच खुर्चीत. म्हटलं, मास्तर, आता काय? म्हणाले, "ही कटिंग मी मोजत नाही. ही दुरुस्ती होती. उजव्या हातानं कापशील ती खरी. वाढू देत, मी थांबतो." आणि माझ्या फोनवर त्यांनी स्वतः चष्मेवाल्या आजींचा तो अठ्ठेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ लावला. आरशाला टेकवू दिला नाही. हातात धरून बसले.

तेव्हापासून आम्ही दोघं रोज आजींच्या मागे बसतो. कुकर शिट्ट्या देतो, आजी खोकतात. पहिला आठवडा नुसतं धरलं. दुसरा आठवडा नुसतं धरलं. आजी मध्येच म्हणाल्या, "पडले पत्ते? पडू देत. हे कुणालाच पटकन जमत नाही." तुम्हाला सांगतो, एवढ्या सगळ्या व्हिडिओंत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मास्तरांना म्हटलं, मागे घ्या, पुन्हा ऐकू. त्या दिवशी माझा उजवा अंगठा दोन पत्ते घेऊन सुपारीएवढा हलला. मी ते दोन पत्ते जपून फळीवर ठेवले.

तेवढ्यात मास्तरांनी उरलेले पन्नास उचलले. सहज, बघू तरी म्हणून. उजव्या हातात धरले, खालचे सोडले, बोटानं वर ढकलले, वरचे अलगद खाली आले. मिटले. पहिल्याच झटक्यात. आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, हे तर कुणालाही जमतं."

जमतं हो. कुणालाही जमतं. टोपीवाल्याला जमतं, बसमधल्या आत्याला जमतं, आता मास्तरांनाही जमतं. राहिलो मी एकटा. तरी मला घाई नाही. काल मास्तरांच्या डोक्यावरून हात फिरवून बघितला, अजून तांदळाच्या दाण्याएवढेसुद्धा वाढलेले नाहीत.